वाणी आणि करणी : वुड्रो विल्सन यांच्या वर्णदृष्टीची परीक्षा

थोर म्हणून मान्यता पावलेल्या एखाद्या राजकीय पुरुषाच्या ठायी वर्णद्वेष होता की नव्हता, असा प्रश्न निघाला म्हणजे बहुधा दोन प्रकारचे वकील पुढे येतात. एक त्याच्या आयुष्यातील एखादे कडवट वाक्य हुडकून काढतो आणि तेवढ्यावर निकाल मागतो. दुसरा त्याच्या एखाद्या उदात्त भाषणाचा उतारा पुढे करून खटलाच काढून टाका म्हणतो. दोघांचीही पद्धत एकच, आणि ती सारखीच सदोष आहे. एका ओवीवरून साऱ्या ग्रंथाचे मत ठरविण्यासारखा हा प्रकार असून साहित्याच्या अभ्यासकाला तरी तो मानवू नये.

राजकीय पुरुषाचे चरित्र हाही एक प्रकारचा ग्रंथच असतो. त्याची भाषणे, पत्रे, हुकूम आणि त्याने धारण केलेली मौने या सर्वांतून मिळून त्याचे तात्पर्य निघते. तात्पर्यनिर्णयाचे शास्त्र आपल्याकडे मीमांसकांनी फार पूर्वीच घालून दिले आहे, आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'च्या आरंभी लोकमान्य टिळकांनी त्याचाच आधार घेतला आहे. ग्रंथाचा उपक्रम व उपसंहार काय, त्यात वारंवार सांगितलेले काय, अपूर्व असे काय, त्याचे फल कोणते, प्रसंगोपात्त स्तुतीचा म्हणजे अर्थवादाचा भाग कोणता आणि प्रतिपादनार्थ दिलेली उपपत्ती कोणती, हे सर्व पाहून मग तात्पर्य ठरवावे, असा तो दंडक आहे. गीतेस लावलेले माप एका परदेशी राज्यकर्त्यास लावणे कोणास विचित्र वाटेल. परंतु शब्द आणि आशय यांतील अंतर मोजण्याचे साधन दोन्हीकडे एकच लागते. आणि ज्या पुरुषाचा आम्ही येथे विचार करणार आहोत, त्याच्या शब्दांवर खुद्द टिळकांनी एके काळी आपल्या देशाची आशा गुंतविली होती.

हा पुरुष म्हणजे अमेरिकेचे अठ्ठाविसावे अध्यक्ष वुड्रो विल्सन. जन्म १८५६, व्हर्जिनिया; पेशा अध्यापनाचा; १९०२ ते १९१० प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष; १९१३ ते १९२१ राष्ट्राध्यक्ष; राष्ट्रसंघाचे जनक आणि १९१९ च्या नोबेल शांतता पारितोषिकाचे मानकरी. १९१५ च्या नोव्हेंबरात नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०१५ च्या नोव्हेंबरात, प्रिन्स्टनच्याच विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव विद्यापीठातील वास्तूंवरून काढावे अशी मागणी केली. विश्वस्तांनी २०१६ साली नाव कायम ठेवले. २०२० च्या जूनमध्ये त्याच संस्थेने आपल्या सार्वजनिक धोरणाच्या विद्यालयावरून आणि एका निवासी महाविद्यालयावरून ते उतरविले. चार वर्षांत एकाच संस्थेने एकाच मनुष्याविषयी दोन निकाल दिले, यावरून प्रश्न किती नाजूक आहे हे ध्यानात येईल.

प्रथम उपक्रम पाहू. विल्सन यांचे वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते व यादवी युद्धात त्यांनी गुलामगिरीनिष्ठ दक्षिणेची बाजू घेतली होती. मुलाचे बालपण जॉर्जिया व दक्षिण कॅरोलायना या पराभूत राज्यांत गेले. जन्मस्थानावरून कोणास दोष देणे न्याय्य नव्हे, आणि आम्ही तो देतही नाही. परंतु हेच बालक पुढे इतिहासकार झाले. १९०२ साली त्यांनी अमेरिकन लोकांचा पाच खंडांचा इतिहास प्रसिद्ध केला. यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या गुलामांना मताधिकार मिळाला, त्या कालखंडाचे वर्णन त्यांनी गोऱ्या दाक्षिणात्यांवर ओढवलेले अरिष्ट म्हणून केले आहे. आणि कू क्लक्स क्लॅन या दहशतवादी टोळीच्या उदयाकडे आत्मरक्षणाच्या स्वाभाविक उपायाप्रमाणे पाहिले आहे. इतिहासकाराची सहानुभूती कोठे वाहते हे त्याच्या विशेषणांपेक्षा त्याच्या कर्त्यांवरून कळते. या ग्रंथात दुःख भोगणारा कर्ता गोरा आहे. काळा मनुष्य तेथे बहुधा दुःखाचे निमित्त म्हणून येतो.

येथे एका बहुचर्चित वाक्याचा परामर्श घेणे आवश्यक आहे. टॉमस डिक्सन या विल्सन यांच्या परिचिताच्या कादंबरीवरून ग्रिफिथ यांनी तयार केलेला, क्लॅनचे उदात्तीकरण करणारा 'द बर्थ ऑफ ए नेशन' हा मूकपट १८ फेब्रुवारी १९१५ रोजी व्हाइट हाउसमध्ये दाखविण्यात आला. तो पाहून, हा विजेने लिहिलेला इतिहास आहे आणि दुर्दैवाने तो सर्वस्वी खरा आहे, अशा अर्थाचे उद्गार विल्सन यांनी काढले असे सर्रास सांगितले जाते. आज ज्या रूपात हे वाक्य प्रचलित आहे, त्या रूपात ते १९२४ साली झालेल्या त्यांच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी छापून आले. ते त्यांचेच होते असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. चित्रपटावर गदारोळ उठल्यावर आपण त्यास कधीही संमती दर्शविली नव्हती, असे त्यांनी आपल्या सचिवामार्फत कळविले होते. सबब हे वाक्य पुराव्यातून वगळले पाहिजे. ते वगळल्याने आरोप लंगडा पडतो असे ज्यांस वाटते, त्यांनी बाकीचे कागद वाचलेले नाहीत, एवढेच म्हणावे लागेल. त्या चित्रपटात मधूनमधून झळकणाऱ्या मजकुरात विल्सन यांच्या इतिहासातील उतारे होते, ही गोष्ट मात्र वादातीत आहे. आणि ते उतारे त्यांनीच लिहिलेले होते.

आता अर्थवाद. १९१२ च्या निवडणुकीत विल्सन यांनी बिशप अलेक्झांडर वॉल्टर्स यांस पत्र लिहून कृष्णवर्णीय नागरिकांना आपल्याकडून पूर्ण न्याय मिळेल असे आश्वासन दिले. त्यावर विसंबून डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांच्यासारखा प्रकांड विद्वान आणि बोस्टनचा तडफदार संपादक विल्यम मन्रो ट्रॉटर यांनी त्यांस पाठिंबा दिला. मुक्तिदात्या लिंकनच्या पक्षाशी असलेले नाते तोडून दाक्षिणात्य उमेदवाराच्या मागे जाणे, हे त्यांच्या दृष्टीने मोठेच धाडस होते. निवडणुकीतील आश्वासन हे यज्ञाच्या फलश्रुतीसारखे असते. त्यावरून विधी कळत नाही. विधी कळतो तो पुढील कृतीवरून.

ती कृती फार लांब नव्हती. ११ एप्रिल १९१३ रोजी, अधिकारग्रहणानंतर अवघ्या पाच-सहा आठवड्यांत, मंत्रिमंडळाच्या बैठकीत टपालमंत्री बर्लसन यांनी रेल्वे टपालखात्यातील काळ्या व गोऱ्या नोकरांना वेगळे करण्याची कल्पना मांडली. विल्सन यांनी तीस अडविले नाही. टपालखाते आणि मॅकॅडू यांच्या ताब्यातील अर्थखाते यांत तत्काळ काम सुरू झाले. मेजांमध्ये आडपडदे उभे राहिले, भोजनाच्या खोल्या व शौचगृहे निराळी झाली, दक्षिणेत कित्येक काळ्या नोकरांची पदे उतरविण्यात आली वा त्यांस घरी पाठविण्यात आले. एका कारकुनाचे काम असे होते की त्यास दुसऱ्या खोलीत हलविता येईना, म्हणून त्याच्याभोवती पिंजरा उभारण्यात आला, असे ड्यूबॉइस यांनी त्याच वर्षी विल्सन यांस उद्देशून लिहिलेल्या अनावृत पत्रात नमूद केले आहे. १९१४ पासून सरकारी नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडण्याची सक्ती झाली. म्हणजे परीक्षेत गुण मिळवूनही उमेदवाराचा वर्ण निवडीपूर्वीच दृष्टीस पडावा, अशी सोय झाली. मीमांसकांच्या परिभाषेत हे फल होय. फल पाहण्यासाठी कर्त्याच्या अंतःकरणात शिरावे लागत नाही.

येथे 'तो काळच तसा होता' हा बचाव हमखास पुढे येतो. त्याचा विचार आम्ही मनापासून केला आहे, कारण भूतकाळाला वर्तमानाच्या फूटपट्टीने मारणे हा इतिहासाच्या शिक्षकाला न शोभणारा उद्योग आहे. परंतु हा बचाव टिकण्यासाठी दोन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात : विल्सन यांनी केले तेच पूर्वीपासून चालत आले होते, आणि त्याहून निराळा विचार त्या काळी कोणी करीत नव्हते. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. वॉशिंग्टनमधील अनेक सरकारी कचेऱ्यांत काळे आणि गोरे नोकर कित्येक दशके एकत्र काम करीत आले होते. अपूर्वता होती ती विल्सन यांच्या कारकिर्दीची. आणि निराळा विचार करणारे तर त्यांच्या दारातच उभे होते. गुलामगिरीविरोधी चळवळीचे अध्वर्यू गॅरिसन यांचे नातू ऑस्वल्ड गॅरिसन व्हिलार्ड हे त्यांचे गोरे पुरस्कर्ते होते. त्यांनी १९१३ सालीच पत्र लिहून निषेध केला. तेव्हा काळ एका आवाजात बोलत नव्हता. त्याचे दोन आवाज होते, आणि विल्सन यांनी त्यांतील एक निवडला. निवड झाली की जबाबदारी येतेच.

सर्वांत बोलका पुरावा उपपत्तीचा आहे. व्हिलार्ड यांस उत्तर देताना, हे विभाजन काळ्या लोकांच्याच हिताचे आहे, असे विल्सन यांनी लिहिले. १२ नोव्हेंबर १९१४ रोजी ट्रॉटर यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ त्यांस भेटले. वर्षापूर्वीही ट्रॉटर येऊन गेले होते. काय झाले हे विचारण्यासाठी ते पुन्हा आले. या भेटीचा वृत्तान्त लघुलेखकाने टिपून ठेवला आहे, त्यामुळे येथे आख्यायिकेचा प्रश्न उरत नाही. विल्सन यांचे म्हणणे असे की, संघर्ष टाळण्यासाठी ही व्यवस्था आहे, तीत अपमान नाही. अपमान आहे असे तुम्ही मानले आणि आपल्या लोकांस तसे सांगितले, तरच तो अपमान ठरेल. ट्रॉटर यांनी हे म्हणणे अमान्य केले आणि आपण याचक म्हणून आलो नसून समान हक्कांचे नागरिक म्हणून आलो आहोत, अशा भूमिकेवरून ते बोलू लागले. तेव्हा विल्सन संतापले. तुमच्या बोलण्याची धाटणी मला अपमानास्पद वाटते आणि तुमच्या संस्थेला पुन्हा यावयाचे असल्यास दुसरा प्रवक्ता आणा, असे त्यांनी बजावले. आपण रागाच्या आहारी गेलो याची खंत त्यांनी पुढे खाजगीत बोलून दाखविल्याची नोंद आहे. खंत रागाची होती, धोरणाची नव्हती.

या संभाषणात एकही शिवी नाही. अध्यापनात आयुष्य घालविलेल्या आम्हांस त्यातील 'तुमच्याच भल्यासाठी' हा सूर चांगला परिचयाचा आहे. वर्गात छडी उगारताना तो सूर सर्वांत आधी लागतो. परंतु छडी खाणारा मुलगा एक दिवस मोठा होतो, हे तो सूर लावणाऱ्यासही ठाऊक असते. विल्सन यांच्या व्यवस्थेत काळ्या नागरिकाने मोठे होण्याची तरतूदच नव्हती. हार्वर्डचा पदवीधर असलेला ट्रॉटर त्यांच्यासमोर बरोबरीने बोलला, तेव्हा त्यांस ते उद्धटपणाचे वाटले. आमच्या मते निकालाचा बिंदू येथे आहे. ज्याच्यावर अन्याय होतो तो समोर उभा राहून 'हे मला लागते' असे सांगत असता, 'ते तुला लागत नाही' हे ठरविण्याचा अधिकार जो स्वतःकडे घेतो, तो समोरच्यास आपल्याइतका पूर्ण मनुष्य मानीत नाही. वर्णद्वेषास कडवट भाषेची गरज लागत नाही. विल्सन यांची भाषा सौम्य होती, आणि आडपडदे तिच्या सौम्यतेने हलले नाहीत.

प्रतिपक्षाच्या जमेच्या बाजूही न्यायाने मांडल्या पाहिजेत. लुई ब्रँडाइस यांना १९१६ साली सर्वोच्च न्यायालयावर नेमून विल्सन यांनी तेथे पहिला ज्यू न्यायाधीश बसविला, आणि त्यासाठी कडवा विरोध सोसला. २६ जुलै १९१८ रोजी त्यांनी जाहीर निवेदन काढून झुंडीच्या हत्यांचा कडक निषेध केला. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचे मोल आहे. तथापि ब्रँडाइस यांच्या नेमणुकीने ट्रॉटर यांच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एका कुंपणाचे फाटक उघडणारा मनुष्य दुसऱ्याला कुलूप लावू शकतो. आणि झुंडीच्या हत्येविरुद्ध कायदा व्हावा म्हणून त्यांनी आपले वजन खर्च केले नाही. चांगल्या कृत्यांनी वाईट कृत्ये पुसली जात नाहीत, आणि उलटपक्षीही नाही. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही बाजू राहतात.

उरला अभ्यास, म्हणजे पुनरावृत्ती. १९०९ साली एका कृष्णवर्णीय तरुणाने प्रिन्स्टनमध्ये प्रवेशाविषयी विचारले, तेव्हा त्याने येथे येणे सर्वथा अनुचित होईल असे विल्सन यांनी सुचविले होते. १९१३ व १९१४ च्या घटना वर आल्याच आहेत. आणि बरोबर सहा वर्षांनी, ११ एप्रिल १९१९ रोजी, पॅरिस येथे राष्ट्रसंघाची घटना ठरविणाऱ्या समितीत जपानच्या माकिनो यांनी राष्ट्रांच्या समानतेचे व त्यांच्या नागरिकांस न्याय्य वागणूक देण्याचे तत्त्व प्रस्तावनेत घालावे अशी सूचना मांडली. सतरापैकी अकरा मते अनुकूल पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. एकमत नाही, सबब सूचना संमत झाली नाही, असा निर्णय त्यांनी दिला. हा पुरावा मात्र तोलून घेतला पाहिजे. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज यांचा या सूचनेस हट्टी विरोध होता, ब्रिटिश शिष्टमंडळ त्यामुळे कोंडीत सापडले होते, आणि राष्ट्रसंघ जन्मापूर्वीच मोडू नये ही विल्सन यांची धडपड होती. एकट्या या निर्णयावरून आम्ही त्यांस दोषी ठरविले नसते. परंतु तडजोड करण्याची वेळ आली की तिची किंमत कोणी द्यावयाची, हे प्रत्येक वेळी एकाच दिशेने ठरत गेले, एवढे या मालिकेवरून सिद्ध होते.

याच सुमारास टिळक लंडनमध्ये होते. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी त्यांची प्रतिनिधी म्हणून निवड केली होती. पॅरिसला जाण्याची परवानगी त्यांस मिळाली नाही. जानेवारी १९१९ मध्ये त्यांनी विल्सन यांस पत्र लिहून हिंदुस्थानासाठी स्वयंनिर्णयाचे तत्त्व मागितले. योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांकडून या प्रश्नाचा विचार होईल, असे सचिवाच्या सहीचे सभ्य उत्तर आले. टिळक भोळे नव्हते. दुसऱ्याच्या शब्दाने त्यालाच बांधून घेण्याचे राजकारण ते जन्मभर खेळले. तरीही जगातील कोट्यवधी पराधीन लोकांप्रमाणे आपल्याकडील लोकांनीही विल्सन यांच्या भाषणांत आपले नाव वाचले, हे नाकारता येत नाही. वस्तुतः ८ जानेवारी १९१८ च्या प्रसिद्ध चौदा मुद्द्यांत 'स्वयंनिर्णय' हा शब्दच नव्हता. तो ११ फेब्रुवारीच्या भाषणात आला, आणि त्या वेळी बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मुख्यतः युरोपातील राष्ट्रे होती.

या गैरसमजाचे मूळ भाषेत आहे असे आम्हांस वाटते. मराठीत प्रथमपुरुषी बहुवचनाचे दोन शब्द आहेत : ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारा 'आपण'. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द पुरतो. विल्सन मानवजातीविषयी बोलत तेव्हा जग 'आपण' असे ऐके. ते 'आम्ही' म्हणत होते. ट्रॉटर यांस हा फरक १९१४ सालीच कळला होता, कारण त्यांच्या लोकांच्या मेजांशेजारी आडपडदे उभे होते. टिळकांस तो लंडनमध्ये बसून केवळ भाषणांवरून कळणे कठीण होते. राज्यकर्त्याचा सर्वनामांतील भेद जाणावयाचा असेल, तर त्याच्या सत्तेखाली सर्वांत खाली जो बसतो त्याला विचारावे, हा या प्रकरणाचा धडा आहे.

आपल्या भाषेला हा धडा अपरिचित नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केले. त्या सज्जनांच्या देशात चाळीस वर्षांनी कचेऱ्यांतून पडदे उभे राहिले. त्याच १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. शिकून परतल्यावर १९१७ साली ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा कचेरीतील शिपाई दुरून त्यांच्या मेजावर कागद फेकीत. नगरात त्यांस राहावयास जागा मिळाली नाही, आणि अल्पावधीत त्यांस बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता आणि कचेरी त्याचीच होती. वॉशिंग्टनमध्ये पडदा लाकडाचा होता, येथे तो हवेचा होता.

सबब विल्सन यांच्याविषयी आमचा निर्णय असा. त्यांच्या तोंडी घातलेले संशयास्पद वाक्य वगळून, पॅरिसच्या निर्णयाचा त्यांस संशयाचा फायदा देऊन आणि ब्रँडाइस यांची नेमणूक जमेस धरूनही, त्यांच्या ग्रंथाचे तात्पर्य वर्णद्वेषाचेच निघते. ते मतांचे राजकारण म्हणून वर चिकटलेले नव्हते. लेखनात, धोरणात आणि समर्थनात सारखेच वाहणारे होते. राष्ट्रसंघाची कल्पना त्यामुळे क्षुद्र ठरत नाही, कारण ती कल्पना तिच्या जनकापेक्षा मोठी होती. वास्तूवरचे नाव ठेवावे की काढावे, हे त्या वास्तूत शिकणाऱ्यांनी ठरवावे. नाव राहिले काय आणि गेले काय, १२ नोव्हेंबर १९१४ चा तो लघुलेखकाचा वृत्तान्त मात्र विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. आणि तो वाचून झाल्यावर आपल्या गावच्या, आपल्या मताच्या, आपल्या आवडत्या पुढाऱ्याचे भाषण हाती घेऊन, त्यात 'आपण' कोठे आहे आणि 'आम्ही' कोठे आहे, ते शोधावे.